मुर्ध्याचं मधलं घर

मी सतरा वर्षांची होते तेव्हा आम्ही मुर्ध्याला राहायला आलो. त्याआधी आम्ही शिवडीला एका खोलीत राहायचो. माझे वडील, म्हणजे अण्णा, मूळचे महाडकडचे, जातीने आणि कामाने सुतार. मिरा रोडला तेव्हा शांती नगरचे सेक्टर एकामागून एक उभे राहत होते आणि प्रत्येक इमारतीला शेकड्यांनी दारं लागत होती. अण्णांना तिथे चौकटी बसवायचं काम मिळालं. शिवडीहून रोजचं येणं-जाणं जमेना, म्हणून त्यांनी भाईंदरच्या पश्चिमेला, खाडीजवळच्या मुर्धा गावात एका जुन्या कौलारू घराची ओटी, एक खोली आणि मागची पडवी भाड्याने घेतली. दिवसभर ते नव्याकोऱ्या इमारतींना दारं बसवायचे आणि संध्याकाळी सायकलवरून रेल्वेचं फाटक ओलांडून, कुणाच्या तरी आजोबांच्या आजोबांनी बांधलेल्या घरात झोपायला यायचे. त्यांना त्यात काही विचित्र वाटत नसे. "काम काम असतं, घर घर असतं," म्हणायचे.

ते घर म्हणजे खरं तर एक अख्खी आळी होती. एकाच लांब आढ्याखाली आठ घरं, एकमेकांना खेटून. दोन घरांच्या मध्ये भिंत एकच, आणि पुढची ओटी इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत सलग. संध्याकाळी त्या ओटीवरून चालत गेलं की आठही घरांत काय शिजतंय ते नाकाला कळे. कुणाकडे सुकट भाजत असे, कुणाकडे चिंबोऱ्यांचं कालवण. भाकरी थापल्याचा आवाज आठ घरांतून आठ तालांत यायचा. आमची आई कुळथाचं पिठलं करायची, आणि गावातल्या बायकांना त्याचं फार अप्रूप. पिठल्याच्या वाटीच्या बदल्यात निवट्या यायच्या. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे. मला आधी त्यांच्याकडे बघवत नसे, पण महिन्याभरात मी काटे चोखायला लागले.

आम्ही खाडीकडच्या टोकाला होतो. आमच्या खोलीला दोन बाजूंनी खिडक्या. उघडल्या की मिठागरांवरून येणारा वारा सरळ आत. भर वैशाखात आम्हाला पंखा लागला नाही. मी तेव्हा बोरिवलीच्या एका संस्थेत ड्राफ्ट्समनचा कोर्स करत होते. वर्गात मुली दोनच. सर सांगत, घराचा नकाशा काढून आणा, आणि सगळी मुलं पुस्तकातला बंगला उतरवून आणत. मी मुर्ध्याची आळी काढून नेली. आढं, वासे, रिपा, खांबाखालचे दगड, सगळं मोजून. सरांनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला आणि एवढंच विचारलं, "हे तू पाहून काढलंयस की ऐकून?" मी म्हटलं, राहते तिथे. त्या दिवसापासून मी त्या घराच्या प्रेमात पडले असं म्हणायला हरकत नाही. सतरा वर्षांच्या मुलीचं प्रेम जसं असतं तसंच ते होतं. घराचा चांगला भाग तेवढा दिसत होता.

लाकूड ऐकायला मला अण्णांनी शिकवलं. बोटाच्या पेराने खांबावर ठोकायचं आणि कान लावायचा. भरीव खांब आखूड बोलतो, पोकळ खांब लांब बोलतो. "पण कानावर विसंबून सही करायची नाही," असं ते बजावत. मग गिरमिट काढायचे. हे हाताने फिरवायचं, पिळाच्या टोकाचं हत्यार. खांबाच्या पायथ्याशी ते बारीक भोक पाडत. लाकूड धड असलं तर पिळातून त्याच्या वळ्या बाहेर येतात. किडलेलं असलं तर पीठ येतं. ते भोक मग मेणाने बुजवायचं. घरमालक हिराकाका शेजारी उभे राहून आपल्या अंगाला टोचल्यासारखं तोंड करत.

हिराकाका म्हणजे या आठ घरांतल्या चौथ्या घराचे मालक. आमची टोकाची खोलीही त्यांच्याच वाटणीची. पन्नाशीचा गृहस्थ, तरुणपणी मिठागरावर राबलेला, त्यामुळे पायांची कातडी कायमची पांढरट पडलेली. त्यांचा मुलगा जनार्दन भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामावर होता. त्याची बायको कुंदा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, त्या वर्षी पहिलटकरीण होती. मी तिला वहिनी म्हणायचे. ती फार बोलत नसे. मला वाटायचं, ती लाजरी आहे.

आळीच्या पलीकडच्या टोकाचं, म्हणजे आठवं घर, त्या उन्हाळ्यात विकलं गेलं आणि पाडलं. पाडणाऱ्यांनी आपलं काम नीट केलं, पण सातव्या आणि आठव्या घरांमधली भिंत एकाएकी बाहेरची भिंत झाली. आजवर दोन्ही बाजूंनी घर होतं म्हणून तिला गिलावा नव्हता. मातीत रचलेल्या विटा उघड्या पडल्या. श्रावणात एके दुपारी तिचा वरचा कोपरा कोसळला. सातव्या घरातली माणसं पुढच्या ओटीवर जेवायला बसली होती म्हणून वाचली. आठवड्याभरात पालिकेचे इंजिनिअर साहेब छत्री घेऊन आले. सगळी घरं पाहून गेले आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक दारावर एक पाटी आली: इमारत धोकादायक आहे. तीन आठवड्यांत परवानाधारक इंजिनिअरच्या सहीचा दुरुस्तीचा आराखडा सादर करावा, नाहीतर घरं रिकामी करावीत. त्यांचं काही चुकलं नव्हतं. भिंत पडली होती, हे खरं होतं.

पाटीच्या मागोमाग बिल्डरचा माणूस आला. पांढरा सफारी, हातात रंगीत चित्राचा कागद. "काका, सोच लो," तो हिराकाकांना म्हणाला, "सबको फ्लॅट मिलेगा. टाइल्स, बाल्कनी, अंदर लॅट्रिन-बाथरूम. कब तक ये लकडी संभालोगे?" हिराकाकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. त्या संध्याकाळी सातही घरांतली माणसं ओटीवर जमली. बाप्ये पुढे, बायका उंबऱ्याच्या आत. जनार्दन म्हणाला, देऊन टाकू. हिराकाका म्हणाले, पडलेली भिंत बांधता येते. मग मी बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी माझा नकाशा हातात धरून मी उभी राहिले आणि चांगली पाच मिनिटं बोलले. हे सागवान आता बाजारात मिळायचं नाही, कौलांखाली किती गार राहतं, सलग ओटीमुळे सात घरांची पोरं एकत्र वाढतात, नव्या इमारतीत शेजारी कोण ते कळत नाही, असं सगळं. आजही ते भाषण मला जवळजवळ पाठ आहे, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

आतून कुंदावहिनीचा आवाज आला. "शुभा, तू टोकाच्या घरात राहतंस."

सगळे वळले. ती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, एक हात पोटावर.

"तुज्याकडं दोन बाजूनी वारा येतो. माजं घर मधलं हाय. इकडं पन भिंत, तिकडं पन भिंत. दुपारी बाराला बत्ती लावून भात करतंय मी. धूर जायला वाट न्हाय. आनि रातीचा पोटात कळ आली तं बादली घेऊन आळीच्या पार टोकाला जायाचं, हे असं पोट घेऊन. तुला लाकूड आवडतं, बरोबर हाय. पन मना ह्या घरात पोर वाढवायचा हाय."

हिराकाका म्हणाले, "आमच्या आया कशा ऱ्हायल्या?"

"खोकत ऱ्हायल्या," ती म्हणाली आणि आत गेली.

मी खाली बसले. कान तापले होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि तेच बरं झालं. चार महिने मी त्या घरात ये-जा करत होते, आळीचा नकाशा काढला होता, त्यात चौथ्या घराचं स्वयंपाकघर एका चौकोनात दाखवलं होतं आणि त्यात नीट अक्षरात 'स्वयंपाकघर' असं लिहिलं होतं. त्या चौकोनात उजेड कुठून येतो हा प्रश्न मला पडला नव्हता. तिथे उजेड येतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेले नाही. सकाळी नऊला कुंदावहिनीकडे गेले आणि म्हटलं, मला दिवसभर इथे बसू दे. ती म्हणाली, "बस. पन बसायचा न्हाय, भाजी निवड." मी भाजी निवडली. चूल पेटल्यावर पाव तासात डोळे चुरचुरायला लागले. धूर वर कौलांपर्यंत जायचा, तिथे घुटमळायचा आणि पुन्हा खाली यायचा. कोथिंबिरीत गवत आलंय का ते दिसेना, बल्बखाली धरून बघावं लागलं. तिने मला माजघरातून मागच्या पडवीत, पडवीतून परसात नेलं. परसात एक विहीर, तगरीचं झाड आणि सातही घरांच्या मागे सलग पडून असलेली जमीन. तिथे कुणी काही करत नव्हतं. जुनी जाळी, फुटकी कौलं टाकायची जागा. वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हितं का न्हाय होत गं?" काय ते तिने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

संध्याकाळी अण्णा आले. मी त्यांना चहाही घेऊ न देता मागे नेलं. मग आम्ही दोघं आणि वहिनी, तिघं जमिनीवर कागद पसरून बसलो. अण्णा म्हणाले, स्वयंपाकघरावरच्या दोन वाशांमधली कौलं काढून तिथे काचेची कौलं बसवता येतील, कोकणात बसवतात तशी. त्यांच्या वर आढ्यालगत फूटभर उंचीचं छोटं छप्पर उचललं की बाजूने धूर निघून जाईल आणि पाऊस आत येणार नाही. माजघर आणि पडवीमधली भिंत खांबांवर नव्हती, ती नुसती आडोशाची, त्यात जाळीची खिडकी पाडता येईल. संडासाचं मात्र हिराकाकांनी अडवलं. ते केव्हापासून दारात उभे होते कुणास ठाऊक. "हितं खनाल तं हातभर खाली खारं पानी लागेल. टाकी बुडंल." अण्णांनी विचार केला आणि म्हणाले, "मग टाकी वरच बांधू. तीन पायऱ्या चढून जायचं." हिराकाका म्हणाले, "तीन पायऱ्या म्हातारीकोतारी कशी चढतील?" अण्णा म्हणाले, "मी कठडा करीन, मिस्त्री कशाला झालोय?" त्यावर हिराकाका पहिल्यांदा आमच्यात येऊन बसले.

आता माझ्याकडे लोक येतात. मिरा रोडला पूनम सागरमधल्या माझ्या घरी, कधी कुठल्या समितीचे, कधी कॉलेजची पोरं. जुन्या वस्त्या कशा जपायच्या ते विचारतात. 'हेरिटेज' हा शब्द त्यांच्या तोंडी फार गोड बसलेला असतो. कोरीव खांबांचे फोटो दाखवतात. मी म्हणते, फोटो छान आहेत, आता मला संडास कुठे आहे ते दाखवा. स्वयंपाकघरात दुपारी वाचता येतं का ते सांगा. काही जण हसतात, मी विनोद करतेय असं वाटून. ज्या घरातल्या सुनेला घर सोडून जावंसं वाटतं ते घर कुठल्याही कायद्याने टिकत नाही, हे मी नंतर पुष्कळ गावांत पाहिलं. पण पहिल्यांदा कळलं ते कुंदावहिनीच्या चुलीपाशी, कोथिंबीर निवडताना.

खरी अडचण नकाशाची नव्हती, माणसांची होती. मागे सात संडास आणि एक सामाईक टाकी बांधायची तर सातही घरांनी परसातली पाच-पाच फूट जागा सोडायला हवी होती. एकाने नाही म्हटलं की संपलं. हिराकाका म्हणाले, मी पुरुषांशी बोलतो. दोन दिवस बोलले आणि तोंड पाडून परत आले. कुणाला वाटेकऱ्यांना विचारावं लागणार होतं, कुणाचं ठरत नव्हतं, एकाला तर फ्लॅटच हवा होता. मग कुंदावहिनीने माझ्याकडून तो कागद मागून घेतला. सातवा महिना होता तिला. ती पहिल्या घरापासून सुरू झाली आणि प्रत्येक स्वयंपाकघरात जाऊन बसली. कागद जमिनीवर पसरायची आणि बोट ठेवून सांगायची, "हे तुजं. हितं उजेड. हितं धूर जाईल. हितं तुज्या संडासाचं दार, आतून कडी." मी तिच्याबरोबर गेले, पण मला फारसं काही बोलावं लागलं नाही. सहाव्या घरातली सासू म्हणाली, "आतून कडी?" वहिनी म्हणाली, "आतून." सासूने पदर खोचला आणि नवऱ्याला मागे परसात बोलावलं. ज्याला फ्लॅट हवा होता तोच तो नवरा. त्याच्याशी ती काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. तो परत आला आणि म्हणाला, "कुठं सही करायची?"

शेवटी मी जनार्दनला विचारलं, तुमचं काय? तो भांड्यांना पॉलिश करून करून काळे झालेले हात पुसत होता. "मना घर नको हाय असं कधी होतं?" तो म्हणाला. "ती रडायची रोज. मना दुसरा उपाय दिसत न्हवता."

साहेब तपासणीला आले त्या सकाळी अण्णांनी कामावर खाडा केला. सातही घरांतले अठ्ठावीस खांब आम्ही आधीच तपासून ठेवले होते. प्रत्येक खांबाला खडूने नंबर, तोच नंबर माझ्या नकाशावर, आणि तोच नंबर वर्तमानपत्राच्या एकेका पुडीवर. पुडीत त्या खांबातून गिरमिटाने काढलेलं लाकूड. साहेबांनी आधी भिंत पाहिली, मग नकाशा पाहिला आणि कोरडेपणाने विचारलं, "लाकूड चांगलं आहे हे कशावरून?" अण्णांनी ओटीवर पुड्या ओळीने मांडल्या. साहेब उकिडवे बसले. एक पुडी उघडली, सागाच्या वळ्या बोटांत फिरवल्या, वास घेतला. दुसरी उघडली, त्यातून पिवळं पीठ सांडलं. "हा कुठला?" अण्णा म्हणाले, "अकरा नंबर. तो बदलायचा आहे. असे नऊ आहेत. आठवं घर पाडलं त्याचं लाकूड तिथेच पडलंय, मालक घेऊन जा म्हणालेत. त्याच गावातलं, त्याच वयाचं लाकूड आहे, चांगलं जुळेल."

साहेबांनी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पुड्या उघडल्या. तासभर लागला. आईने दोनदा चहा केला. मग ते माझ्याकडे वळले. "नकाशा कोणी काढला?" मी म्हटलं, मी. "उघड्या भिंतीला आधार दाखवलेला नाही." खरंच दाखवला नव्हता. स्वयंपाकघरं आणि संडास यांच्या नादात पडलेली भिंत मी फक्त 'पुन्हा बांधणे' असं लिहून सोडली होती. "तीन ठिकाणी टेकू भिंती हव्यात आणि बाहेरून चुन्याचा गिलावा," ते म्हणाले. "ते दाखवा, परवानाधारकाची सही आणा. मग मला हरकत नाही. पाटी मी स्वतः काढीन."

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्गात बसून मी टेकू भिंती काढल्या, सरांच्या टेबलासमोर. सरांकडे परवाना होता. ते म्हणाले, सही करण्याआधी मी येऊन बघणार. आले, सातही घरं पाहिली, माझी दोन मापं चुकलेली काढली आणि सही केली. मुदत संपायला तेव्हा तीन दिवस बाकी होते.

काम दिवाळीनंतर सुरू झालं. अण्णा रोज संध्याकाळी आणि रविवारी पूर्ण दिवस. गावातली माणसं हाताखाली. एकेक किडका खांब काढताना आढ्याला जॅक लावायचा. सगळ्यात आधी चौथ्या घराचं स्वयंपाकघर घ्यायचं असं हिराकाकांनीच ठरवलं. कुंदावहिनी तेव्हा माहेरी होती, बाळंत होऊन. मुलगी झाली होती. सव्वा महिन्याने ती परत आली तेव्हा आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. ती आत गेली. जमिनीवर उन्हाचे दोन चौकोन पडले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग एकदम चिडून म्हणाली, "अगं बाई, भांडी किती काली झालीत! कुनी सांगितलं न्हाय मना?" आणि बाळ माझ्या हातात देऊन तिथल्या तिथे घासायला बसली.

सात घरांतली दोन पुढे विकली गेली. पाच आजही उभी आहेत आणि पाचांतही माणसं राहतात. कौलांच्या वर पाण्याच्या टाक्या आहेत, एसीचे डबे आहेत, एका ओटीवर केकचं दुकान आहे. शुद्धतावाद्यांना ते खटकतं. मला मुळीच खटकत नाही. आम्ही मात्र तीन वर्षांनी शांती नगरात फ्लॅट घेतला, आणि अण्णांनी त्याची चौकट स्वतः बसवली.

पण त्या वर्षातली एक सकाळ मला सांगितली पाहिजे. मुर्ध्याचं काम संपून चार दिवस झाले असतील. शेजारच्या राई गावातली एक बाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. चाळिशीची, डोक्यावर मासळीची रिकामी पाटी. मी अभ्यासाला बसले होते.

"नकाशेवाली पोरगी हितंच ऱ्हाते ना?"

आई म्हणाली, हीच ती.

बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या दोन वेण्या बघून तिचा विश्वास थोडा डळमळला असावा, पण ती परत फिरली नाही. "आमचं पन मधलं घर हाय," ती म्हणाली. "अजून काय पडला न्हाय, कोनी नोटीस लावली न्हाय. तवाच येऊन बघशील का?"

मी वही मिटली आणि चपला घातल्या.